लग्नाला कर्ज काढायचं का? जेवणाची १२०० पानं, दोन पगार आणि गावाकडची यादी

बोरीकाठचा:
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाव अमळनेर तालुक्यात, नोकरी चाकणला कंपनीत, हातात ४२ हजार येतात. लग्न ठरलंय, मुलगी शहाद्याकडची, पुण्यातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिला २६ हजार मिळतात. सुपारी फुटली, एप्रिलची तारीख निघाली. हुंडा वगैरे काही नाही, दोन्हीकडून आधीच स्पष्ट बोलणं झालंय, खर्च निम्मा-निम्मा. इथपर्यंत सगळं गोडीत.

मग यादी झाली. आमच्याकडून ७०० माणूस, त्यांच्याकडून ५००. कार्यालय, जेवण, मंडप-लायटिंग, बँड, डीजे, फोटो-व्हिडिओ, बस्ता, मानपान, हळदीच्या रात्रीचं जेवण वेगळं, सुरतच्या लोकांना आणायला गाड्या (आमचं अर्धं गाव उधना-लिंबायतला आहे). सगळं धरून ११ लाखाच्या आसपास जातंय म्हणजे आमच्या वाट्याला साडेपाच, आणि सोनं यात धरलेलंच नाही. माझी शिल्लक २ लाख १०. तिची १ लाख ४० आहे पण ती तिकडच्या खर्चाला जाणार.

वडलांची ५ एकर कोरडवाहू, कापूस लावतात. ते म्हणतात सोसायटीचं पीक कर्ज उचलू, कमी पडलं तर गावात शेकड्याने व्याजावर मिळतात, तू टेन्शन घेऊ नको. मी म्हणतोय मीच ५ लाखाचं पर्सनल लोन घेतो, प्री-अप्रूव्हड म्हणून रोज मेसेज येतोच आहे. ती म्हणते दोन्ही नको, रजिस्टर लग्न करू आणि घरच्यांना जेवायला घालू. हे घरी नुसतं बोललो तर आईने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

तर कर्ज काढून लग्न केलंय का कोणी, फेडताना कसं गेलं, आणि काढायचंच झालं तर कुठून काढावं? जरा मोकळेपणाने सांगा.

भुसावळ_जंक्शन:
अभिनंदन भाऊ. एकच प्रश्न, ७०० ची यादी कोणी केली?

बोरीकाठचा:
वडील, मोठे काका आणि मामा बसले होते.

भुसावळ_जंक्शन:
आणि हप्ता भरणार तू. यादी करणारे तीन आणि भरणारा चौथाच. तिघांकडे प्रत्येकी १ लाख मागून बघ, यादी आपोआप ३०० वर येते.

जिभाऊ_धुळेकर:
भाऊ, कर्ज काढीसन लगीन करशी तं लोके दोन दिन गोड बोलतीन, मंग हप्ता तुलेच भरना पडी. जेवाले बठ्ठा येतस, हप्ता भराले कोनी येत नही.

हप्तेवाला:
बँकेत कर्ज विभागातच आहे, कुठली बँक ते विचारू नका.

आधी एक समजून घ्या, 'लग्नकर्ज' म्हणून जी पोस्टरं लागतात ते साधं पर्सनल लोनच असतं, नाव फक्त मंगल. ५ लाख, १४ टक्के, ५ वर्षं धरा. हप्ता ११,६३४, एकूण फेड ६ लाख ९८ हजार. म्हणजे व्याजच जवळजवळ २ लाख. तेच ३ वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता १७,०८९ होतो पण व्याज १ लाख १५ हजारावर येतं. ४२ हजारात पुण्याचं भाडं देऊन १७ हजार निघतात का ते तुम्ही बघा. बहुतेक लोक ५ वर्षंच घेतात आणि मग चौथ्या वर्षी पोराच्या शाळेची फी आणि लग्नाचा हप्ता एकाच तारखेला कापला जातो, हे मी समोर बसून रोज बघतो.

आता जे कोणी विचारत नाही ते सांगतो. तुम्ही दोघं दोन-तीन वर्षांत फ्लॅट बघणारच. होम लोन ठरवताना आम्ही चालू हप्ते आधी वजा करतो. ११,६०० चा हप्ता चालू असला तर साडेआठ टक्के आणि २० वर्षं या हिशोबाने तुमची तेरा-साडेतेरा लाखाची पात्रता गेली. चाकण-तळेगावकडे तेवढ्यात एक बेडरूम कमी-जास्त होते.

दुसरं फ्लॅट रेटचं. फायनान्सवाला किंवा पतसंस्थावाला '१२ टक्केच आहे ना' म्हणाला की लगेच विचारायचं, फ्लॅट का घटत्या शिलकीवर? फ्लॅट १२ ने ३ लाख ३ वर्षांसाठी घेतले तर व्याज सरळ १ लाख ८ हजार, हप्ता ११,३३३, आणि खरा दर पडतो २१ च्या वर. कारण मुद्दल तुम्ही दर महिन्याला परत देताय आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या ३ लाखावरच लागतंय. ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या फायनान्स कंपन्या) यांना कर्जाआधी एक पत्रक द्यावं लागतं, केएफएस म्हणतात, त्यात प्रोसेसिंग फी, गळ्यात मारलेला विमा वगैरे सगळं धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. मागून घ्या. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, तिथे आपणच कागद-पेन घेऊन बसायचं.

आणि शेकडा. शेकडा ३ म्हणजे महिन्याला, वर्षाचे ३६ झाले. २०१४ च्या सावकारी कायद्यात लायसन असलेल्या सावकाराला सुद्धा शेतकऱ्याकडून तारण असेल तर ९ आणि तारण नसेल तर १२ टक्केच घेता येतात, ते पण वर्षाला. गावात जो शेकड्याने देतो त्याच्याकडे लायसन नसतं आणि कोऱ्या स्टॅम्पवर तुमच्या वडलांची सही मात्र असते. बाकी काहीही करा, तिकडे जाऊ देऊ नका.

मोबाईलवरच्या लोन ॲपबद्दल बोलतच नाही.

बोरीकाठचा:
हप्तेवाला, होम लोनचं डोक्यातच नव्हतं. वडलांना शेकड्याचं समजावतोय पण ते म्हणतात तो घरचाच माणूस आहे.

हप्तेवाला:
घरचा माणूस असेल तर बिनव्याजी देऊ देत की.

केळीबाग_रावेर:
इथे सगळे शहाणपण शिकवून राहिले म्हणून जरा दुसरी बाजू. मागे लहान भावाचं लग्न केलं, दोन हजाराच्या वर पान उठलं, मला त्याचं काही वाईट वाटत नाही. केळीचा पैसा होता म्हणून केलं असं म्हणाल तर तेही आहेच, पण त्यापलीकडे एक गोष्ट पुण्यात बसून कळत नाही, ती म्हणजे आहेराची वही.

आमच्याकडे वडलांच्या हातची वही आहे, लाल कापडाची, त्यात आत्याच्या लग्नापासूनचं लिहिलेलं. नाव, गाव, रक्कम. कुठे '११ रु. व पातळ', कुठे '५ रु.', कुठे 'पितळी तांब्या'. त्यांच्याकडचं लग्न आलं की ही वही काढायची, आपल्याकडे किती आलं होतं ते बघायचं आणि त्यात थोडी भर घालून लिहून यायचं. एखाद्याने १९९५ ला १०१ लिहिले असतील तर आज त्याच्या पोरीच्या लग्नात ११०० जातात. हे काय आहे सांगा? गावाने एकमेकांना दिलेलं कर्जच आहे ना, फक्त व्याज नाही आणि वसुलीवाला नाही. बोरीकाठच्याच्या वडलांनी तीस वर्षं लोकांच्या मांडवात टॉवेल-टोपी नेली, पैसे लिहिले, कोणाच्या बट्ट्या तळायला कढईपाशी उभे राहिले. आता त्यांची पाळी आली तर पोरगं म्हणतं रजिस्टर करतो. मग त्यांनी जे तीस वर्षं टाकलं ते कोणाकडून घ्यायचं?

म्हणून म्हणतो ७०० लोक म्हणजे नुसती हौस नाही. बाकी डीजेच्या विरोधात मीपण आहे, तो सरळ काढून टाका.

भुसावळ_जंक्शन:
केळीबाग, लिहिलंय भारी, पण हिशोब लावा ना. आज ताट दोनशेच्या खाली पडत नाही, चार जण जेवून १०१ चं पाकीट देतात. तुमची वही तोट्यात चालू आहे.

केळीबाग_रावेर:
तोटा-नफा बघायचा तर लग्नच करू नका, एफडी करा.

सीए_ऑफिसमधला:
वहीवरून आठवलं म्हणून घाईत दोन गोष्टी. लग्नात वर-वधूला मिळालेल्या आहेरावर इन्कम टॅक्स नाही, रक्कम कितीही असो आणि नात्यातला असो नसो, पण मोठी रक्कम असेल तर नाव-तारखेची नोंद ठेवा म्हणजे वही कामाला येईल. आणि एकाच कार्यक्रमापोटी एका माणसाकडून २ लाख किंवा त्याच्यावर रोख घेता येत नाही, दंड घेणाऱ्याला बसतो. कार्यालयवाला, केटरर 'सगळं कॅश द्या, बिल नको' म्हणतात तेव्हा हे लक्षात असू द्या.

गिरणामाय:
मी चाळीसगावची. सगळे पुरुषच हिशोब लावून राहिले म्हणून लिहिते.

माझ्या लग्नात सासरकडून ६ तोळे घातलं. स्टेजवर सगळ्या बायकांनी हातात घेऊन घेऊन बघितलं, विहीणबाईंचं केवढं कौतुक. तिसऱ्या महिन्यात सासरे म्हणाले मंडपवाल्याचं आणि कार्यालयाचं राहिलंय, तात्पुरतं बँकेत ठेवू, दिवाळीला कापूस आला की सोडवू. गोल्ड लोनमध्ये तेव्हा सोन्याच्या किमतीच्या पाऊणपट मिळायचे, व्याज पर्सनल लोनपेक्षा कमी, ऐकायला सगळं चांगलंच असतं. दिवाळी आली, कापूस आला, त्यातून फवारणीची उधारी आणि दिराच्या ॲडमिशनची फी गेली. व्याज भरून पावती फिरवायची, असं तीन-चार वर्षं चाललं. दिराच्या लग्नात मी बेंटेक्सची पोत आणि बेंटेक्सचा हार घालून मिरवले. आत्येसासूने हार हातात घेतला, वजन बघितलं आणि काही न बोलता परत माझ्या गळ्यात सरळ केला. तिला कळलं होतं. सगळ्या बायकांना कळतं.

सोनं सुटलं शेवटी, पण माझ्या पगारातून सुटलं. म्हणजे मला घातलेलं सोनं मीच विकत घेतलं असंच झालं ना. नवरीच्या अंगावर घातलेलं स्त्रीधन असतं, त्याच्यावर तिचाच हक्क असतो, पण नवीन सून 'मी देत नाही' असं म्हणू शकते का? एप्रिल २०२५ मध्ये जळगावच्या सराफात तोळा लाखाच्या वर गेला तेव्हा आमच्याकडे सगळे म्हणाले बरं झालं मोडलं नाही, मी म्हटलं हो ना बरं झालं.

बोरीकाठचा भाऊ, एवढंच बघा की तुमच्या कर्जात तुमच्या बायकोचं सोनं येणार नाही. हे आत्ताच बोलून घ्या, नंतर बोलता येत नाही.

जिभाऊ_धुळेकर:
ताई, यक नंबर लिखेल शे. बठ्ठा घरनी कहाणी शे.

कापूस_पारोळा:
वडील म्हणतात 'सोसायटीचं उचलू' त्याबद्दल. हे आमच्याकडे घरोघरी चालतं म्हणून नीट सांगतो. ३ लाखापर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्याने पडतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं हाच सगळ्यात स्वस्त पैसा. पण चक्र बघा ना, मार्चअखेर इकडून तिकडून गोळा करून भरणा करायचा, एप्रिल-मे मध्ये नवीन उचल मिळते, तीच लग्नसराई. पैसे मांडवात गेले की जूनमध्ये बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधार, उधारीचा भाव वेगळा लागतो, आणि कापूस निघाला की त्याच दुकानदाराकडे किंवा त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे तो सांगेल त्या भावात घालायचा. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० होता आणि मध्यम धाग्याला ७,७१०, पण उधारीवाल्याच्या काट्यावर हमीभाव कोण देतो? ५ एकरात ३० क्विंटल निघाला आणि हमीभाव मिळाला असं धरलं तरी २ लाख ३०-४० हजार, त्यातून वेचणी, निंदणी, औषध जातंय. एक वर्ष भरणा चुकला की थकबाकीदार, मग शून्य टक्के पण गेलं आणि पुढची उचल पण गेली.

म्हणजे लग्न एका दिवसाचं आणि पुढचे दोन हंगाम उधारीवर. वडलांना म्हणा सोसायटीला हात लावू नका, ते पैसे शेतीचे आहेत.

सातपुड्याची_लेक:
मी रजिस्टरवाल्यांच्या बाजूने. आम्ही शिरपूरला केलं. स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली नोटीस द्यायची, ३० दिवस ती ऑफिसच्या बोर्डावर लागते, मग तीन साक्षीदार घेऊन सह्या. फी किरकोळ. आणि साधं धार्मिक लग्न लावून नुसती नोंदणी करायची असेल तर गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, त्याच्याकडे होते, त्याला ३० दिवस लागत नाहीत. लोक या दोन्हीत फार गोंधळ करतात. दुपारी दीडशे लोकांना वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, जिलेबी. संपलं.

बोलणारे बोललेच, एका मावशीने तर 'काही लपवायचं होतं का' असंही विचारलं, तेवढं ऐकून घ्यायची तयारी पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलीसाठी शुभमंगल योजना आहे, सामूहिक किंवा नोंदणीकृत लग्नाला २५ हजार मिळतात, आधी १० होते. उत्पन्नाची अट कडक आहे, महिला व बालविकासच्या ऑफिसात चौकशी करा. त्यासाठी कोणी लग्न करत नाही पण मिळत असतील तर का सोडायचे.

वाचनवेडा_जळगाव:
थोडं अवांतर, पण राहवत नाही. १८७५ ला पुणे आणि नगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यावर सरकारने आयोग बसवला. साहेब लोकांचं आधीपासून ठरलेलं होतं की कुणबी कर्जात बुडतो तो लग्न-सणात उधळतो म्हणून. आयोगाने चौकशी केली आणि उलट लिहिलं, की लग्नखर्चाला फाजील महत्त्व दिलं गेलंय, ऐपतीच्या मानाने तो जास्त असतो हे खरं, पण असे प्रसंग कधीतरी येतात आणि नुसत्या त्यानेच माणूस बुडाला असं क्वचित दिसतं. म्हणजे मुख्य भोक व्याजात आणि रोजच्या उचलीत होतं. वर कापूस_पारोळा यांनी लिहिलं ते वाचून हेच आठवलं, लग्नाचा खर्च एकदाच होतो पण तो हंगामाच्या चक्रात घुसला की बाहेर निघत नाही.

दुसऱ्या बाजूला गाडगेबाबा गावोगाव सांगत फिरले की कर्ज काढून सण करू नका. दोघंही बरोबरच वाटतात मला.

जिभाऊ_धुळेकर:
१८७५ ले डीजे नव्हता ना भो.

भुसावळ_जंक्शन:
😂 आयोग परत बसवा.

दोंडाईचा_फास्ट:
पीएफ आहे ना कंपनीत? लग्नासाठी उचल मिळते, परत भरायची नसते, म्हणजे कर्ज नाही. पूर्वी ७ वर्षं नोकरी पाहिजे आणि आपल्या हिश्श्याच्या निम्मेच मिळायचे, पण ऑक्टोबर २०२५ ला ईपीएफओच्या बोर्डाने नियम सैल करायचं ठरवलं, १२ महिने नोकरी पुरे. पोर्टलवर सध्या काय ऑप्शन दाखवतंय ते बघा, एचआरला विचारा, दलालाला पैसे देऊ नका.

हप्तेवाला:
मिळेल, पण पीएफ म्हातारपणाचा पैसा आहे. पर्सनल लोनपेक्षा बरा एवढंच म्हणेन. तिशीच्या आत काढलेला लाख रुपया साठीला किती झाला असता ते एकदा काढून बघा आणि मग काढा.

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्याकडे पण हेच. पुण्याच्या वैष्णवी हगवणे हुंडाबळीच्या केसनंतर २०२५ मध्ये मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नाची आचारसंहिता काढली, शे-दोनशे माणसात लग्न, प्री-वेडिंग बंद, डीजे बंद. गावात फ्लेक्स लागले. फ्लेक्सवर ज्यांचे फोटो होते त्यांच्याच घरच्या लग्नात ड्रोन उडाला.

गोमाईकाठची:
नमस्कार. मी या धाग्यातली 'ती'. लिंक त्याने स्वतःच पाठवली म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे मी रजिस्टर लग्नावर अडून बसलेली नाही. मला एवढंच म्हणायचंय की कर्जाच्या कागदावर सही एकाची असली तरी एक मेनंतर हप्ता एकाच घरातून जाणार, आणि त्या घरातले २६ हजार माझे आहेत. मग यादी करताना मला का नाही बोलावलं? माझ्या बाबांनी ५०० ची केली तेव्हा पण नाही बोलावलं, हे दोन्हीकडे सारखंच आहे. गंमत म्हणजे मी बाबांकडे यादी मागितली आणि एकेका नावापुढे विचारलं की यांना मी ओळखते का, यांनी मला कधी बघितलंय का. ५०० मधले १८० लोक निघाले ज्यांची पत्रिका फक्त 'त्यांनी आपल्याला दिली होती' म्हणून होती. बाबा म्हणाले मग त्यांना काय सांगू? मी म्हटलं त्यांच्या घरी लग्न असेल तेव्हा जा आणि वहीप्रमाणे आहेर लिहून या, आपलं देणं फिटलं, त्यांना जेवायलाच बोलवायला पाहिजे असं वहीत कुठे लिहिलंय?

केळीबाग दादा, तुमचं वहीचं मला पटलं, खरंच पटलं. बाबांची पण वही आहे. पण त्या वहीत कोणी लॉनवरचं कार्यालय लिहून ठेवलेलं नाही, ड्रोन नाही. त्यात मांडव आहे, पंगत आहे, बट्ट्या तळायला आलेले लोक आहेत. वही पाळायची तर तसंच लग्न करू, मला आवडेल.

गिरणामाय ताई, तुमचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही पण दुसऱ्या दिवशी बाबांना म्हणाली सोनं दोन तोळेच करा आणि पोरीच्या नावाचं बिल घ्या.

गिरणामाय:
बाई गं. बिल तुझ्याकडेच ठेव.

केळीबाग_रावेर:
ताई हात जोडले. बट्ट्या तळायला सांगा, रावेरहून येतो.

जिभाऊ_धुळेकर:
पोर हुशार शे भो. बोरीकाठ, तुनं काम झायं.

कापूस_पारोळा:
एप्रिलमध्ये दुपारचा मुहूर्त घेऊ नका फक्त. ४४-४५ मध्ये पंगत बसवली तर ताक आणि पाण्याच्या जारचाच खर्च मंडपाएवढा होतो, म्हातारी माणसं आडवी होतात ते वेगळंच. गोरज घ्या.

बोरीकाठचा:
मंडळी, मधे गावी जाऊन आलो म्हणून उशीर झाला.

दोन्ही घरचे नंदुरबारला एका नातेवाइकाकडे बसले, यावेळी आम्ही दोघं पण होतो. आधी अर्धा तास कोणी विषयच काढेना, चहा, पोहे, परत चहा. मग तिने वही काढली, तिच्या बाबांची, आणि वरचंच सगळं सांगितलं. माझे मोठे काका म्हणाले 'आमच्या काळी पोरी बोलत नव्हत्या', त्यावर माझी आईच म्हणाली 'म्हणून तर अजून फेडतोय'. ते बहिणीच्या लग्नाचं होतं, मला माहीतच नव्हतं की त्यातलं ८० हजार अजून बाकी आहे. वडील खाली बघत बसले होते.

जे ठरलं ते असं. लग्न तिच्या गावी, शाळेच्या पटांगणात मांडव, गोरज मुहूर्त. दोन्हीकडचे मिळून ६५० पान, पंगतच, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, जिलेबी, मठ्ठा. डीजे नाही, बँड गावातलाच. प्री-वेडिंग नाही, फोटोग्राफर एक. टॉवेल-टोपी दोन्हीकडून बंद, यावर सगळ्यात जास्त वेळ भांडण झालं. सुरतवाले गाड्यांनी नाही, रेल्वेने येतील, सुरत-भुसावळ लाईनवर दोंडाईचाला उतरवून पुढे दोन गाड्या लावू. एकूण ५ लाख २० च्या आसपास बसतंय, आमच्या वाट्याला २ लाख ६०. सोनं आईचं जुनं मोडून, वरचा फरक मी देणार. पर्सनल लोन घेत नाहीये. सोसायटी आणि शेकडा, वडलांनी स्वतः नको म्हटलं. ५० हजार कमी पडतात ते मोठ्या काकांनी देतो म्हटलंय, बिनव्याजी, दिवाळीपर्यंत (भुसावळ_जंक्शन, तुमचा लाख मागायचा सल्ला निम्मा चालला). सोन्याच्या फरकासाठी पीएफचं बघतोय, नाहीतर एप्रिलपर्यंतच्या पगारातून.

मामा रुसलेत. ते म्हणतात डीजे माझ्या खर्चाने लावतो.

हप्तेवाला:
उत्तम. काकांचे ५० हजार पण कागदावर लिहून ठेवा आणि खात्यावरूनच घ्या-द्या. नात्यात लिहिलेलं असलं की भांडण कमी होतं. आणि बहिणीच्या लग्नाचे ८० हजार शेकड्याने असतील तर स्वतःच्या लग्नाआधी ते फेडा, तुमच्या सोन्यापेक्षा ते महाग आहेत. दोन तोळ्यांचं एक करा हवं तर.

बोरीकाठचा:
शेकड्यानेच आहेत. अडीचने.

हप्तेवाला:
म्हणजे वर्षाला ३०. मुद्दल राहू द्या, नुसतं व्याजच महिन्याला २ हजार जातंय. पीएफ काढायचाच तर याच्यासाठी काढा, सोन्यासाठी नको. आणि आजवर किती व्याज दिलं ते वडलांकडून लिहून घ्या, कायद्याने व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही.

गोमाईकाठची:
हे मला पण आत्ताच कळलं. सोनं एकच तोळा करू. आईला मी सांगते.

सातपुड्याची_लेक:
नोंदणी लगेच करून घ्या, ९० दिवसांच्या आत, नंतर उगाच दंड आणि चकरा. पत्रिका, दोघांचे शाळेचे दाखले आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते, त्यांना मांडवातच पकडा, नंतर सापडत नाहीत.

दोंडाईचा_फास्ट:
दोंडाईचाला गाड्या मी बघून देतो. मामांचं काय करणार?

बोरीकाठचा:
त्यांना बट्टीच्या कढईवर मुख्य केलंय. केळीबाग, तुमची ड्युटी त्यांच्या हाताखाली.

केळीबाग_रावेर:
मंजूर. आचारी पक्का झाला का? शहाद्याकडे एक चांगला आहे, ६५० ला पिठाचं बरोबर सांगतो, वाया जाऊ देत नाही. नंबर इथे टाकत नाही, व्यनि (खाजगी निरोप) करतो.